जॉक्युलर बेपत्ता

शोधकांनी स्वतःबद्दल जे सांगून ठेवलंय ते आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मागाहून माझ्याच डोक्यावर खापर फुटायचं. तर त्यांची नजर अशी, की भिंतीवरची पाल जेवलेली आहे की उपाशी, हे ते उंबऱ्यातून सांगतात. मेंदू चोवीस तास चालू असतो, झोपेत तर जरा जास्तच. आणि त्यांचं नाव कानावर पडलं की भलेभले गुन्हेगार रस्ता बदलतात. आता त्यांचं नाव आजवर एकाही गुन्हेगाराच्या कानावर पडलेलं नाही, हे खरं आहे. पण त्यात चूक गुन्हेगारांची, असं शोधकांचं मत आहे.

पोटापाण्यासाठी ते एका शब्दकोशाच्या कार्यालयात मुद्रितशोधक होते. छापखान्यातून कच्ची पानं आली की त्यातल्या चुका हुडकायच्या, एवढंच काम. पण 'मुद्रितशोधक' या हुद्द्यातला 'मुद्रित' त्यांना पहिल्या दिवसापासून अडगळ वाटत आला होता. एका रिकाम्या दुपारी तो त्यांनी टेबलावरच्या पाटीवरून कानसीनं खरवडून टाकला. तेव्हापासून सगळं कार्यालय त्यांना शोधक म्हणायला लागलं, काही जण आदरानं आणि बाकीचे सगळे दुसऱ्या कारणानं.

त्यांच्या समोरच्या खुर्चीत त्यांचा मेव्हणा बसायचा. वय सत्तेचाळीस, डोक्यावर केस मोजून घ्यावेत इतके. बहिणीनं त्याला या नोकरीत चिकटवलं ते मुळी 'यांच्यावर जरा लक्ष ठेव' असं बजावूनच. त्याचं काम म्हणजे मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, आणि शोधकांनी तो पानावर अक्षर न् अक्षर ताडून बघायचा. वाचायचं तेही 'स्वल्पविराम, अवतरण सुरू, प्रश्नचिन्ह, अवतरण बंद' असं सगळं म्हणत, एका सुरात. अर्थाकडे अजिबात लक्ष द्यायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. अर्थात गुंतलं की वेलांटी निसटते. दोघांनी वीस वर्षांत अख्खी ए ते आय अक्षरं अशी वाचून काढली होती, आणि त्यांतल्या एका वाक्यात काय म्हटलंय हे विचारलं असतं तर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं असतं.

इंग्रजी शब्दांचा आपल्या भाषेतला हा कोश. पहिला खंड ए ते जे. त्या दिवशी दुपारी चार वाजता छापखान्याचा माणूस जे अक्षराचा शेवटचा गठ्ठा न्यायला येणार होता, आणि सोबत प्रस्तावना, ऋणनिर्देश अशी पुढची पानंही जायची होती. सकाळी दहाला संपादकसाहेबांनी जेची कार्डं मोजली. वहीत चारशे बारा शब्द, खणात चारशे अकरा कार्डं. पुन्हा मोजली. चारशे अकराच. मग एकेक शब्द लावत गेल्यावर कळलं, की 'जॉक्युलर' नाही.

इथे कार्ड म्हणजे काय ते सांगायला हवं. प्रत्येक शब्दाचं एक जाड कार्ड. त्यावर शब्द, अर्थ, तो कसा वापरायचा हे दाखवणारं एक वाक्य, आणि खाली तारीख, सही. हे सगळं लिहायच्या कार्डबाई. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. बारीक अक्षर, तपकिरी शाल, दोन चष्मे. एक लिहायचा आणि एक तो पहिला शोधायचा. खणातून कुणी कार्ड काढलं तर त्या जागी आपल्या नावाची गुलाबी चिठ्ठी ठेवायची, असा नियम होता. 'जॉक्युलर'च्या जागी गुलाबी चिठ्ठीही नव्हती.

संपादकसाहेब हा फार सज्जन माणूस, पण हसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. त्यांनी वही बाईंच्या पुढे सरकवली. वहीत 'जॉक्युलर'पुढे बाईंच्याच हाताची बरोबरची खूण होती. खूण आहे आणि कार्ड नाही, याचा अर्थ काय होतो, असं त्यांनी शांतपणे विचारलं. बाई म्हणाल्या, कार्ड लिहिलं होतं. साहेब म्हणाले, मग दाखवा.

त्यानंतर साहेबांनी ऋणनिर्देशाचं पान पुढे ओढलं. त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत बाईंचं नाव होतं. एकतीस वर्षांच्या कामाची ती एक ओळ. साहेबांनी लाल पेन्सिलीनं त्या नावावर रेघ मारली आणि सांगितलं, चारपर्यंत कार्ड मिळालं तर ठीक, नाहीतर न लिहिलेल्या कार्डांवर खुणा करणाऱ्याचं नाव आपल्या कोशात छापता येणार नाही. शाल सारखी करून बाई आपल्या जागेवर जाऊन बसल्या. मेव्हण्याच्या वीस वर्षांतल्या किती डुलक्या बाईंनी खोकून साहेबांपासून वाचवल्या होत्या, याला गणती नव्हती.

शोधकांना मात्र आतून उकळ्या फुटत होत्या. त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलं खरंखुरं प्रकरण. आदल्या प्रकरणात हरवलेली छत्री त्यांच्याच हातात सापडली होती, ते ते धरत नसत.

तपास साहेबांच्या खोलीपासून सुरू झाला, कारण कार्डांचं कपाट तिथेच होतं. खोलीत कपाट, टेबल, खुर्ची, खुर्चीमागे भिंतीवर एक चौकट, आणि मधोमध शिडीवर चढलेला वायरमन. पंखा तीन दिवस नुसता कण्हत होता म्हणून त्याला बोलावलं होतं. शोधकांनी त्याला खाली उतरायला सांगितलं, मग शिडी आडवी येते म्हणून पुन्हा वर चढायला सांगितलं. खण ओढला, हुंगला, त्यात भिंग घातलं. मेव्हण्यानं अदबीनं सांगितलं, की भाऊजी, भिंग उलटं आहे. शोधक म्हणाले, की म्हणूनच सगळं लांबून आणि तटस्थपणे दिसतंय.

मग त्यांनी शेजारच्या कार्डांची जबानी घेतली. अलीकडे 'जॉकोज', पलीकडे 'जॉकंड'. दोन्ही वाचून शोधकांचे डोळे लकाकले. 'जॉकोज' म्हणजे गमत्या, विनोदी. 'जॉकंड' म्हणजे आनंदी, खेळकर.

"आलं लक्षात?" ते कुजबुजले. "तिघं भाऊ. एकाच अर्थाचे तीन वारस. मधला नाहीसा झाला. फायदा कुणाचा?"

"भाऊजी, कार्डांना हात नसतात," मेव्हणा म्हणाला.

शोधकांनी हा मुद्दा वहीत टिपून घेतला आणि वारसांना तूर्त सोडून दिलं.

दुसरा संशयित टंकलेखक. त्याचं लग्न जमत होतं, आणि मुलीनं म्हणे स्पष्ट सांगितलं होतं की नवरा गमत्या हवा. गमत्या होण्यासाठी माणूस कुठल्या थराला जाईल हे सांगता येत नाही, असं म्हणत शोधकांनी त्याचे खिसे उलटे केले. एक कंगवा निघाला आणि एक चिठ्ठी निघाली: 'हसायचं, पण दात न दाखवता.' शोधकांनी ती चिठ्ठी उजेडाशी धरली, आडवी धरली, चाटूनही पाहिली. टंकलेखकानं कानापर्यंत लाल होत सांगितलं, की मुलीकडे फोटो पाठवायचाय आणि फोटोवाल्यानं ही सूचना लिहून दिलीय. पुढचा दात किडलाय. तोही त्यानं दाखवला. शोधकांनी दात तपासला आणि तो निर्दोष ठरवला.

दुपारी बारापर्यंत शोधकांनी नवीन पद्धत काढली. ज्यानं थट्टेखोर शब्दाचं कार्ड पळवलं, त्याच्या अंगात थट्टा भिनलेली असणार. म्हणजे जो हसेल तो चोर. मग ते टेबलाटेबलापाशी जाऊन एक विनोद सांगत सुटले, आणि मेव्हणा फूटपट्टी घेऊन समोरच्याच्या ओठांची रुंदी मोजत मागोमाग. विनोद असा होता: एक माणूस बाजारात गेला, पण बाजार बंद होता. एवढं सांगून शोधक स्वतःच खोऽखो हसत. टंकलेखक दातामुळे हसला नाही. शिपायानं शांतपणे विचारलं, "मग?" शोधकांनी सांगितलं, की मग काही नाही, तो परत आला. शिपाई हळहळला. साहेबांच्या ओठांची रुंदी विनोदानंतर उलट दोन सूत कमी भरली.

"सगळे निर्दोष आहेत," शोधकांनी निष्कर्ष काढला. "किंवा सगळे सामील."

जेवणाच्या सुट्टीत मेव्हणा बाईंच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. बाई डबा न उघडताच बसल्या होत्या. काय बोलावं हे न कळून त्यानं विचारलं, की बाई, त्या शब्दाचा नेमका अर्थ तरी काय? बाईंनी चष्मा काढून पुसला. समोरच्याला हसू यावं म्हणून बोलतो तो, त्या म्हणाल्या. त्याला लागावं म्हणून बोलतो तो नव्हे. माणसालाही हा शब्द लावता येतो आणि त्याच्या बोलण्यालाही.

"आणि वाक्य? ते आठवतंय का?"

"लख्ख आठवतंय."

"मग लिहून द्या ना. काम संपलं."

बाईंनी मान हलवली. "आज लिहिलं तर आजच लिहिलं असं होईल. मग वहीतली खूण खोटी ठरते. मी एकतीस वर्षांत एक खोटी खूण केली नाही हो."

मेव्हणा परत आला आणि त्यानंही डबा उघडला नाही. चारला दोन तास राहिले होते, आणि बाईंची सगळी भिस्त ज्या माणसावर होती तो तिकडे कपाटाखाली पालथा पडून पालीची चौकशी करत होता.

साडेतीनला शोधकांनी सगळ्यांना साहेबांच्या खोलीत बोलावलं. रहस्यभेद चारचौघांसमोर करायचा, तोही हळूहळू, असं त्यांनी कधीचं ठरवून ठेवलेलं. साहेब खुर्चीत, बाई दाराजवळ, टंकलेखक तोंड मिटून, शिपाई भिंतीला टेकून. वायरमन शिडीवरच होता. वरून उतरवायला आणि चढवायला आता कुणाकडे वेळ नव्हता. तो साहेबांच्या डोक्यावरून भिंतीकडे तोंड करून, गुडघ्यावर पाना ठेवून, ही सभा कधी संपते याची वाट बघत बसला.

शोधक खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. तीन पावलांवर शिडी होती, त्यामुळे येरझाऱ्या आखूड पडत होत्या. त्यांनी सांगितलं, की त्यांनी आधी वारसांवर संशय घेतला. मग दातावर घेतला. मग हास्यावर घेतला. एकेक शक्यता गळत गेली. आता एकच उरलीय.

"कार्ड कुणी चोरलं नाही," ते आवाज खाली आणत म्हणाले. "कारण कार्ड नव्हतंच."

शोधक स्वतःच्या बुद्धीवर इतके खूश होते, की आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. मेव्हण्याच्या मात्र लगेच आलं. त्यानं मागून भाऊजींचा शर्ट ओढला, पुन्हा ओढला, शेवटी कोपराला चिमटाही काढला. शोधक म्हणाले, की डास फार झालेत. बाईंनी दाराची कड घट्ट धरली. साहेबांनी सुस्कारा सोडला, लाल पेन्सिल उचलली आणि आधीच्या रेघेवर दुसरी रेघ मारायला घेतली.

तेवढ्यात वरून कुणीतरी फस्सकन हसलं.

नुसतं हसू नव्हे. आधी नाकातून निघालं, मग आवरलं गेलं, मग आवरेना. शिडी थरथरली. गुडघ्यावरचा पाना खणकन खाली पडला.

शोधक गर्रकन वळले. जो हसेल तो चोर, ही त्यांची पद्धत त्यांना एकदम आठवली, आणि आधीचा निष्कर्ष त्यांनी जागच्या जागी सोडून दिला. त्यांनी शिडीचे दोन्ही पाय धरले आणि सांगितलं, की चोर सापडला आहे, शिपायानं दार लावून घ्यावं.

"मी काय केलं?" वायरमन डोळे पुसत म्हणाला. "मी नुसतं वाचत होतो. इथं लिहिलंय ना."

"कुठं?"

"हे काय, साहेबांच्या मागं. चौकटीत."

सगळ्यांनी चौकटीकडे पाहिलं. साहेबांना त्यासाठी खुर्चीसकट वळावं लागलं. त्यात सहा महिन्यांपूर्वी विश्वस्तांना दाखवायला छापून घेतलेलं 'जे' अक्षराचं एक नमुना पान होतं, बारा शब्दांचं. विश्वस्तांनी ते हातात घेऊन कागद छान आहे म्हटलं होतं, आणि साहेबांनी हौसेनं त्याला चौकट करून घेतली होती. रोज सकाळी साहेब ती चौकट सरळ आहे की नाही तेवढं बघत. त्या पानावर वरून चौथा शब्द होता 'जॉक्युलर'.

वायरमननं आपण होऊन तो मोठ्यानं वाचला. वाचताना स्वल्पविराम वगैरे काही म्हटलं नाही, माणसं बोलतात तसा वाचला. जॉक्युलर म्हणजे थट्टेखोर, गमत्या, चेष्टेच्या सुरातला. आणि वाक्य: 'केस कापता कापता न्हाव्यानं गिऱ्हाइकाचा कान चिमटीत धरला आणि थट्टेखोर सुरात विचारलं, हा ठेवायचा ना?'

टंकलेखक दात विसरून हसला. शिपायानं या वेळी 'मग?' विचारलं नाही. साहेब हसले नाहीत, पण त्यांचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तारीख होती, सहा महिन्यांपूर्वीची. आणि त्याखाली 'वाचून तपासलं' म्हणून दोन सह्या होत्या. एक शोधकांची, एक मेव्हण्याची.

मेव्हण्याला आता सगळं आठवलं. बारा कार्डांचा गठ्ठा छापखान्यात त्यानंच नेला होता. कान, न्हावी, गिऱ्हाईक, सगळं त्यानं स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं वाचलं होतं, अवतरण सुरू आणि अवतरण बंद सकट, आणि भाऊजींनी ते अक्षर न् अक्षर ताडलं होतं. 'गिऱ्हाइका'तला ऱ्ह बरोबर आहे, एवढंच दोघांना कळलं होतं. गठ्ठा परत आला तेव्हा त्यानं न मोजता 'बारा मिळाली' म्हणून सही ठोकली, खणातल्या बाराच्या बारा गुलाबी चिठ्ठ्या काढून फेकल्या आणि चहाला गेला. त्याला स्वतःची अशी लाज वाटली, की बाईंकडे बघवेना. तरी त्यानं घसा खाकरला आणि हे सगळं साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. बाईंची चूक नाही, माझी आहे, असंही तो म्हणाला.

चारच्या ठोक्याला छापखान्याचा माणूस आला. त्याला विचारल्यावर तो म्हणाला, हो, एक कार्ड आमच्याकडच्या तारेला टोचलेलं राहिलं होतं खरं. तुम्ही बारा मिळाली म्हणून लिहून दिलंत, तेव्हा म्हटलं हे वरकड असेल. चांगलं जाड आहे, खिडकी खडखडते तिथं लावलंय. उद्या पाठवतो.

शोधकांनी सगळ्यांकडे एकवार पाहून घेतलं. मग वहीत लिहिलं: गुन्हेगार, खिडकी. प्रकरण निकालात. हसण्याची पद्धत अचूक ठरली, हेही त्यांनी खाली अधोरेखित केलं, आणि खरं सांगायचं तर त्यावर कुणाला काही बोलता येईना.

वायरमन खाली उतरला होता. पंख्याचं त्याच्या डोक्यातून पार गेलं होतं. हे वाक्य कुणी लिहिलंय, असं त्यानं विचारलं. बाईंनी दारातूनच हात जरासा वर केला, वर्गात करतात तसा. तो त्यांच्याजवळ गेला आणि खऱ्याखुऱ्या काळजीनं म्हणाला, "बाई, मग ते गिऱ्हाईक काय म्हणालं हो?"

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. एकतीस वर्षांत त्यांच्या वाक्यांबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते फक्त वेलांटीबद्दल. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"ते केमध्ये आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या खंडात."

"म्हणजे?"

"म्हणजे तो न्हावी पुढेही येतो. तो बीमध्ये आला, 'बार्बर'ला. एचमध्ये त्यानं दुकान भाड्यानं घेतलं, 'हायर'ला. त्याची बायको आहे, एक सासरा आहे. एका शब्दाला एकच वाक्य द्यायचं, मग मी आपली त्यांचीच देत गेले. इतकी वर्षं एकटीनं बसायचं म्हणजे कुणीतरी सोबत लागतं ना."

मेव्हणा मनातल्या मनात ए ते आय मागे जात होता. एवढी माणसं आपल्या तोंडून गेली आणि आपण एकालाही ओळखलं नाही, याचं त्याला फार वाईट वाटत होतं. संपादकसाहेबांनी घसा साफ केला. के अक्षराचा खण उघडावा, असं ते म्हणाले, आणि ते कार्ड कृपया वाचून दाखवावं.

बाई कपाटाशी गेल्या. कार्ड काढण्याआधी त्यांनी गुलाबी चिठ्ठी लिहिली, त्या जागी ठेवली, मग कार्ड काढलं. दुसऱ्या चष्म्यानं पहिला शोधून तो लावला.

"'कीप'," त्यांनी वाचलं. "ठेवणे, राखणे. उपयोग: 'ठेवा बुवा,' गिऱ्हाईक न्हाव्याला म्हणालं, 'चष्मा अडकवायला लागतो.'"

वायरमन शिडीला धरून हसला. छापखान्याचा माणूस गठ्ठा खाली ठेवून हसला. शिपाई हसला, मेव्हणा रडत रडत हसला, शोधक सगळे हसतात म्हणून हसले. आणि साहेबांच्या खुर्चीतून एक आवाज आला. आधी वाटलं पंखा सुरू झाला. पण ते साहेबच होते. हसायची सवय नसल्यानं त्यांना ते मध्येच थांबवताही येत नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी ऋणनिर्देशाचं ते पान फाडून टाकलं आणि कोरा कागद घेऊन ते स्वतः लिहायला बसले. छापखान्याच्या माणसाला पाच मिनिटं थांबवलं. बाईंचं नाव त्यांनी या वेळी सगळ्यांच्या वर घातलं, आणि त्यापुढे लिहिलं, 'या कोशातली सगळी माणसं यांची आहेत.'